जॉर्ज इलियटबाईंच्या वह्या

ऐतिहासिक कादंबरी वाचणे जितके सुखाचे, तितकेच ती लिहिणे कष्टाचे आहे. वाचकाला किल्ल्याचा दरवाजा उघडलेला दिसतो. परंतु त्या दरवाजाला अडसर होता की साखळी, पहारेकऱ्याच्या अंगावर वस्त्र कोणते होते, त्या दिवशी सण होता की उपास, हे सर्व लेखकाला आधी शोधून काढावे लागते. हा शोध ज्या वहीत उतरतो ती वही बहुधा छापली जात नाही, आणि म्हणून तिच्याविषयी कोणी फारसे बोलतही नाही. यंदा आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे एका अशा थोर लेखिकेचे चरित्र ठेवीत आहोत, की जिच्या आयुष्याची कथा तिच्या वह्यांच्या आधाराने सांगता येते; आणि नवी वही उघडण्यास जेवढा उत्साह लागतो त्याहून अधिक धैर्य ती वेळेवर मिटण्यास लागते, हे जिच्यापासून शिकता येते.

इंग्रजी वाङ्मयात ही लेखिका जॉर्ज इलियट या नावाने प्रसिद्ध आहे. हे पुरुषाचे नाव तिने १८५७ साली आपल्या लेखनासाठी घेतले. आईबापांनी ठेविलेले नाव मेरी अ‍ॅन इव्हन्स. तिचा जन्म २२ नोव्हेंबर १८१९ रोजी इंग्लंडच्या मध्यभागी वॉरिकशायर परगण्यात, ननीटन गावाजवळ, आर्बरी येथील जमीनदारीतल्या एका शेतघरात झाला. वडील रॉबर्ट इव्हन्स हे मूळचे सुतारकाम शिकलेले. पुढे स्वतःच्या हुशारीने व सचोटीने ते त्या जमीनदारीचे कारभारी झाले. घर खाऊनपिऊन सुखी होते, परंतु विद्वानांचे नव्हते. पुस्तके मोजकीच असत, आणि तीच पुनःपुन्हा वाचावी लागत.

मेरी अ‍ॅन सात-आठ वर्षांची असताना तिच्या थोरल्या बहिणीला एका शेजाऱ्याने सर वॉल्टर स्कॉट यांची ‘वेव्हर्ली’ ही ऐतिहासिक कादंबरी वाचावयास दिली. पुस्तक बहिणीसाठी आले होते, पण त्याचे वेड लागले धाकटीला. तिचे वाचन अर्ध्यावर आले असेल नसेल तोच ते परत करण्याची वेळ आली. दुसरी मुलगी रडली असती व दोन दिवसांनी विसरली असती. मेरी अ‍ॅनने कागद घेतला आणि जेवढे वाचले होते तेवढे आठवून आठवून आपल्या शब्दांत लिहून काढण्यास आरंभ केला. हा उद्योग पाहून आईबापांना कौतुक वाटले व त्यांनी ते पुस्तक पुन्हा मिळवून दिले. जे हातचे जात आहे ते लिहून ठेवावे, ही बुद्धी तिला अशी बालपणीच झाली.

पुढे कॉव्हेंट्री येथे फ्रँकलिन भगिनींच्या शाळेत ती शिकत होती. वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १८३४ सालच्या मार्च महिन्यात, तिने एक शाळेची वही सुरू केली. ती वही आजवर टिकून राहिली आहे. तिच्यात एका ऐतिहासिक गोष्टीचा आरंभ आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यामध्ये जे यादवी युद्ध झाले त्या काळातील ही गोष्ट. स्थळ चेप्स्टो येथील किल्ला, आणि नायकाचे नाव एडवर्ड नेव्हिल. लेखनात स्कॉटची छाया दिसते, आणि गोष्ट अपुरीच राहिली आहे. तथापि आमच्या मुलामुलींनी लक्षात ठेवावे, की जगातील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणलेले ग्रंथ ज्या हाताने लिहिले, त्या हाताचा आरंभही एका शाळेच्या वहीतील अपुऱ्या गोष्टीनेच झाला.

१८३६ साली आई वारली. लवकरच बहिणीचे लग्न झाले, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मेरी अ‍ॅनवर सर्व घर पडले. लोणी काढणे, मुरंबे घालणे, गड्यामाणसांवर देखरेख करणे ही कामे उरकून ती इटालियन व जर्मन भाषा शिकू लागली. याच काळात तिने ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा एक मोठा तक्ता करण्याचे योजिले. कोणत्या शतकात कोणता सम्राट, कोणता धर्मगुरू, कोणता वादविवाद, हे एका दृष्टीत दिसावे अशी ती कल्पना होती. ती माहिती जमवीत राहिली, रकाने आखीत राहिली. आणि १८४० साली तसाच एक तक्ता दुसऱ्या कोणी छापून प्रसिद्ध केला! तिचा तक्ता कधीच पुरा झाला नाही. जमविण्याच्या आनंदात करणे राहून जाते, हा धडा तिला विसाव्या वर्षीच मिळाला होता. तो पूर्णपणे अंगी बाणण्यास मात्र आणखी वीस-बावीस वर्षे जावी लागली.

येथे एक गोष्ट आम्ही लपवून ठेवू इच्छीत नाही, कारण चरित्र सांगताना अवघड पाने गाळणे हे आम्हाला बरे वाटत नाही. बालपणी अत्यंत भाविक असलेल्या या तरुणीची श्रद्धा बाविसाव्या वर्षी डळमळली, आणि १८४२ च्या आरंभी तिने वडिलांबरोबर उपासनेस जाण्याचे नाकारले. बापलेकींत काही महिने मोठा बेबनाव झाला. अखेरीस आपली मते आपल्याजवळ ठेवून तिने वडिलांसाठी पुन्हा मंदिरात जाणे पत्करले. तिच्या मतांशी आमचे मत जुळत नाही, हे सांगावयास नकोच. परंतु तिचे वर्तन पाहावे. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिने रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांच्या आयुष्याची अखेरची पाच-सहा वर्षे संध्याकाळी त्यांना स्कॉटच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखविल्या. ज्या स्कॉटने तिचे बालपण उजळले त्यानेच तिच्या वडिलांचे म्हातारपण सुसह्य केले. १८४९ च्या मे महिन्यात ते निवर्तले.

त्यानंतर बाई लंडनला आल्या व ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या विचारप्रधान त्रैमासिकाच्या संपादनात साह्य करू लागल्या. तेथे त्यांची जॉर्ज हेन्री ल्यूइस या विद्वान लेखकाशी ओळख झाली. ल्यूइस यांचा पहिला संसार मोडला होता, पण त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्यांना घटस्फोट मिळणे शक्य नव्हते. १८५४ पासून ही दोघे विवाहावाचून एकत्र राहिली. समाजाने बाईंना दूर केले, आणि सख्ख्या भावाने तेवीस वर्षे पत्रही लिहिले नाही. या गोष्टीचे समर्थन करणे हे आमचे काम नव्हे. तिची शिक्षा बाईंनी मुकाट्याने भोगली एवढेच आम्ही नमूद करतो. मात्र बाईंना कादंबरी लिहिण्यास प्रवृत्त केले ते ल्यूइस यांनी, हेही न सांगणे अन्यायाचे होईल. सदतीस वर्षांचे वय होईपर्यंत ज्यांनी एकही गोष्ट पुरी केली नव्हती, त्यांनी १८५९ साली ‘अ‍ॅडम बीड’ व १८६० साली ‘द मिल ऑन द फ्लॉस’ लिहून सर्व इंग्लंडचे लक्ष आपणाकडे वेधून घेतले.

या दोन्ही कादंबऱ्या बाईंच्या जन्मभूमीच्या, त्यांनी पाहिलेल्या शेतांच्या व ऐकलेल्या बोलीच्या. त्यासाठी फारशा वह्यांची गरज नव्हती. स्मरण हीच वही होती. खरी कसोटी पुढे यावयाची होती.

१८६० च्या वसंतात बाई व ल्यूइस इटलीच्या प्रवासास गेली आणि फ्लॉरेन्स शहरी उतरली. तेथे साव्होनारोला या धर्मोपदेशकाचा वृत्तांत वाचताना ल्यूइस यांच्या मनात आले, की याच्या काळावर एक ऐतिहासिक कादंबरी होईल. पंधराव्या शतकाच्या अखेरीस या संन्याशाने आपल्या प्रवचनांनी ते सारे विलासी शहर हलवून सोडिले होते. त्याच्या सांगण्यावरून लोकांनी १४९७ साली आपले मुखवटे, गंजिफे, दागिने व चैनीच्या वस्तू भर चौकात जाळल्या. आणि त्याच शहराने पुढच्या वर्षी, २३ मे १४९८ रोजी, त्याला फाशी देऊन त्याचा देह तशाच भर चौकात जाळला. ही सूचना बाईंनी तत्काळ उचलली.

साव्होनारोला ज्या सान मार्को मठात राहत असे तो पाहण्यास दोघे गेली. परंतु मठाच्या आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश नव्हता. बाई बाहेरच राहिल्या, आणि ल्यूइस आत जाऊन साव्होनारोलाची खोली पाहून टिपणे लिहून घेऊन आले. ज्या ग्रंथाचा प्राण तो संन्यासी, त्याची खोली ग्रंथकर्त्रीला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावी लागली. ऐतिहासिक कादंबरीकाराची अवस्था नेहमी अशीच नसते काय? गतकाळाच्या आतल्या खोलीत त्याला प्रवेश नसतो. बाहेर उभे राहून, आत जाऊन आलेल्यांच्या टिपणांवरच त्याला विसंबावे लागते.

इंग्लंडास परतल्यावर ‘सायलस मार्नर’ ही छोटी कादंबरी मध्येच सुचली व ती १८६१ च्या एप्रिलात प्रसिद्ध झाली. लगेच बाई पुन्हा फ्लॉरेन्सला गेल्या. ४ मे ते ७ जून असे चौतीस दिवस त्या तेथे होत्या. सकाळी ग्रंथालयात जुने ग्रंथ चाळावे, जुन्या गल्ल्या हिंडाव्या, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हवी ती पुस्तके शोधावी, हा क्रम असे. वह्या भरू लागल्या. त्यांत फ्लॉरेन्सच्या राज्यकारभाराची रचना होती. सणवारांची यादी होती. स्त्रीपुरुषांचे पोशाख होते. लोकांच्या म्हणी होत्या. साव्होनारोलाच्या आयुष्यातील घडामोडींचा वर्षवार क्रम होता. जुने बखरकार, नवे इतिहासकार, खुद्द त्या संन्याशाची प्रवचने, सर्व काही त्यांनी पिंजून काढले. या वह्यांपैकी एक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहे.

परंतु वह्या भरत गेल्या तसतसे एक विपरीत घडू लागले. गोष्ट सुरू होईना! एक वही संपली म्हणजे वाटे, अजून अमुक कळले नाही. ते कळावे म्हणून दुसरा ग्रंथ घ्यावा, तर तो आणखी दहा ग्रंथांकडे बोट दाखवी. ऑगस्ट महिन्यात बाई इतक्या खिन्न झाल्या, की आपण लिहिण्याचा विचारच सोडून द्यावा असे त्यांनी ठरविले. ऑक्टोबरच्या ७ तारखेस पहिले प्रकरण आरंभिले, पण ते पुढे सरकेना. नोव्हेंबरात त्या लंडनच्या एका बागेत ल्यूइस यांच्याबरोबर फिरत असता, ही इटालियन कादंबरी टाकून द्यावी असे त्यांच्या मनाने जवळजवळ घेतले. आणि लागलीच त्याच महिन्यात त्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जुन्या पोशाखांची चित्रे तपासण्यास गेल्या! ल्यूइस यांस काळजी वाटू लागली. त्यांनी डिसेंबरात एडिंबराचे प्रकाशक जॉन ब्लॅकवुड यांना लिहिले, की आपली भेट होईल तेव्हा कादंबरी म्हणजे ज्ञानकोश नव्हे हे बाईंच्या मनावर ठसवावे.

या काळातील बाईंची स्थिती आमच्या विद्यार्थ्यांना चांगली कळेल. परीक्षा जवळ आली म्हणजे कित्येक मुले सुंदर वही शिवून घेतात, तांबड्या शाईने मथळे लिहितात, समास आखतात, उतारे उतरून घेतात. आणि त्यातच दिवस संपतो. हा आळस नव्हे. आळशी मूल वही करीतच नाही. ही भीती आहे. पुरते कळल्याशिवाय लिहिले तर चुकेल, चुकले तर लोक हसतील, ही ती भीती. आणि ती परिश्रमाचा वेष घेऊन येते, म्हणून तिला ओळखणे कठीण जाते. जॉर्ज इलियटसारख्या कीर्तीच्या शिखरावर असलेल्या लेखिकेलाही तिने सोडिले नाही.

१ जानेवारी १८६२ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, बाईंनी ती कादंबरी पुन्हा पहिल्यापासून आरंभिली. सर्व शंका फिटल्या होत्या म्हणून नव्हे. त्याच महिन्याच्या अखेरीस लोरेन्झो द मेदिचीचा मृत्यू, ईस्टर किती उशिरा येऊ शकतो, आणि १४९२ सालच्या उपासकाळात साव्होनारोलाने प्रवचने कोठे केली, या गोष्टी शोधण्यासाठी त्यांना लेखणी थांबवावी लागली. फरक इतकाच, की आता गोष्ट पुढे चालली होती आणि वही तिच्या मागून येत होती. पूर्वी वही पुढे होती व गोष्ट मागे.

‘रोमोला’ ही ती कादंबरी. ‘कॉर्नहिल’ मासिकाचे मालक जॉर्ज स्मिथ यांनी तिच्यासाठी दहा हजार पौंड देऊ केले होते. परंतु त्यांना हवे तितके तुकडे पाडून व घाईने ती छापण्यास द्यावयाची, हे बाईंना पटले नाही. त्यांनी सात हजार पौंड घेतले आणि आपल्या मनाप्रमाणे तिची विभागणी केली. जुलै १८६२ ते ऑगस्ट १८६३ पर्यंत चौदा महिने ती क्रमशः प्रसिद्ध झाली. कथेची नायिका रोमोला ही बार्दो नावाच्या अंध पंडिताची मुलगी. बार्दोने जन्मभर ग्रंथ जमविले, टिपणे केली. पण जो मोठा ग्रंथ लिहावयाचा तो लिहिला नाही. त्याच्या मागे त्याचा ग्रंथसंग्रह जपून ठेवण्याचे वचन जावई मोडतो व सर्व ग्रंथ विकून टाकतो. रोमोला घर सोडून निघते, तेव्हा वाटेत तिला साव्होनारोला भेटतो व तिच्या कर्तव्याकडे परत पाठवितो. तो प्रसंग लिहिणाऱ्या स्त्रीने स्वतः धर्मश्रद्धा सोडली होती, हे वाचताना ध्यानातही येत नाही, इतक्या न्यायबुद्धीने त्या धर्मोपदेशकाचे अंतःकरण तिने उलगडले आहे.

पुस्तकाची विद्वत्ता सर्वांनी वाखाणली. तथापि सामान्य वाचकांना ते जड वाटले. मासिकाला अपेक्षेप्रमाणे लाभ झाला नाही, हे पाहून बाईंनी पुढे ‘ब्रदर जेकब’ ही आपली एक गोष्ट स्मिथ यांना काही मोबदला न घेता दिली. स्वतः बाईंना असे वाटे, की हे पुस्तक लिहावयास बसलो तेव्हा आपण तरुण होतो, आणि ते संपवून उठलो तेव्हा म्हातारपण आले होते. टीकाकारांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. काही प्रकरणांत वहीतले दगड तसेच्या तसे भिंतीत बसविलेले दिसतात. त्यांवर छिन्नी फिरलेली नाही.

दगड हा शब्द आम्ही उगाच वापरीत नाही. पुढे ‘मिडलमार्च’ या कादंबरीसाठी बाईंनी जी वही केली तिला त्यांनी जे नाव दिले, त्याचा अर्थ दगडांची खाण असा होतो. १८२९ ते १८३२ या काळातील एका इंग्रजी गावाची ही कथा, म्हणजे लिहिण्याच्या वेळेपासून सुमारे चाळीस वर्षे मागची. त्या काळी वैद्यकशास्त्र कोठवर आले होते, कॉलऱ्याविषयी डॉक्टरांची मते काय होती, पार्लमेंटच्या सुधारणेचा कायदा कोणत्या तारखांना पुढे सरकला, हे त्या खाणीत व्यवस्थित रचून ठेविले आहे. पण कादंबरी वाचताना दगड दिसत नाहीत. घर दिसते, आणि घरातील माणसे दिसतात. १८७१-७२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ इंग्रजीतील सर्वोत्तम कादंबऱ्यांत गणला जातो.

त्या घरातील एका माणसाची ओळख करून दिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. त्याचे नाव कॅसोबन. जगातील सर्व पुराणकथांचा उलगडा करणारा एक महाग्रंथ लिहिण्याचा त्याचा संकल्प आहे. वर्षानुवर्षे तो टिपणे करतो, खण भरतो, कप्पे लावतो. पण ग्रंथाचे लेखन काही होत नाही, आणि टिपणांचा ढीग मागे ठेवून तो मरून जातो. वाचक त्याला हसतात. हा मनुष्य तुम्ही कोणावरून घेतला, असे बाईंना एकाने विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या स्वतःच्या छातीकडे बोट दाखविले, असे सांगतात. ज्याला १८६१ सालच्या त्या महिन्यांची हकीकत ठाऊक आहे, त्याला या उत्तराचे नवल वाटणार नाही. कॅसोबन होता होता त्या वाचल्या होत्या. म्हणून त्याचे चित्र काढताना त्यांनी त्याचा उपहास केला, तसा त्याच्यासाठी कळवळाही दाखविला.

१८७८ साली ल्यूइस वारले. १८८० च्या मे महिन्यात बाईंनी जॉन क्रॉस या गृहस्थांशी रीतसर विवाह केला, तेव्हा इतक्या वर्षांनंतर भावाचे पत्र आले. त्याचा त्यांना फार आनंद झाला. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्या लंडन येथे निवर्तल्या. हायगेट येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील कविकोपऱ्यात त्यांच्या नावाची शिळा बसावयास मात्र १९८० साल उजाडावे लागले.

आमच्या वार्षिकासाठी कित्येक मुलेमुली उत्साहाने ऐतिहासिक गोष्टी लिहितात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की नवी वही अवश्य करावी. आपल्या गावचा तट कोणी बांधला, तेव्हा पाणी कोठून आणीत, लोक जेवत काय, नाणे कोणते चाले, हे वडीलधाऱ्यांना विचारावे, ग्रंथांत पाहावे, आणि पानावर तारीख घालून लिहून ठेवावे. कारण खाणीवाचून घर होत नाही. पण त्याच वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक तारीख घालून ठेवावी: ज्या दिवशी ती मिटून गोष्टीचे पहिले वाक्य लिहावयाचे, ती तारीख. पालकांनीही मुलांच्या वहीचे सुंदर अक्षर पाहून संतुष्ट न होता, तो दिवस आला की नाही हे मायेने विचारीत जावे.